पत्नीच्या घरावर कर्ज काढू का?

प्रश्न : सोलापुरात आमचे टॉवेलचे छोटे युनिट आहे. माल एका निर्यातदाराला देतो, तो अमेरिकेला पाठवतो. ऑगस्ट 2025 मध्ये तिथले शुल्क 50 टक्के झाल्यापासून ऑर्डरी आटल्या. निर्यातदार म्हणतो, ‘तिकडून आले की देतो.’ कॅश क्रेडिटचे व्याज दीड महिना थकले आहे. बँक आणखी 10 लाख देते म्हणते, पण पत्नीच्या नावावरचे घर तारण हवे. ऑर्डरी परत येईपर्यंत तग धरायला कर्ज घ्यावे का?

उत्तर : नको. ऑर्डरी शुल्कावर अवलंबून आणि शुल्क वॉशिंग्टनमध्ये ठरते, त्याच्या भरवशावर घर पणाला लावू नका. थकबाकी भरल्यावर या 10 लाखांतले हातात किती उरेल, तेही मांडून पाहा.

खरी भीती घर तारण देताना हमीपत्रावर होणाऱ्या वहिनींच्या सहीची आहे. हमीपत्राचा छापील मजकूर कुणी वाचत नाही. बहुतेकदा त्यात ‘सध्याची व यापुढील सर्व कर्जे’ असे शब्द असतात. म्हणजे वहिनी सही करणार 10 लाखांसाठी आणि घर अडकणार जुन्या कॅश क्रेडिटसाठीही. करार कायद्याच्या कलम 128 नुसार हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे बँकेला आधी तुमच्या मागे लागण्याचीही गरज नसते. खाते एनपीए झाले की सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर घराचा ताबा. धंद्यात सावरलेली, पण या एका सहीने घर गमावलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

तुम्ही विचारायला हवे होते ते हे : बँकेकडे कधी जावे? आत्ता. थकबाकीचे 90 दिवस भरून खाते एनपीए होण्याआधी. लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्राची 2015 ची अधिसूचना आहे. तिच्याखाली कर्जफेडीची फेररचना मागणारा लेखी अर्ज द्या, उद्यम प्रमाणपत्र जोडा. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की हा हक्क खाते एनपीए होण्याआधी कागदपत्रांसह मांडायला हवा. मॅनेजरशी तोंडी बोलणे धरले जात नाही.

निर्यातदाराकडे बिलवार लेखी मागणी करा. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या मालाचे पैसे 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, करारात काहीही लिहिलेले असो. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. ऐकले नाही तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जा.

खासगी सावकार? विचारही नको.

थकबाकीचा 90 वा दिवस कोणता, ते आजच काढा आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या.