चार थेंब आम्ल आणि धनजचं पाणी

"आकडे बनवलेत ना?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा माझ्या हातात पिवळ्या पाण्याची बाटली होती. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी कोंबडीच्या पिसांनी पाण्यातला मिथिल ऑरेंज हा रंग काढला होता. कॉलेजात पाणी जवळजवळ निवळलं होतं. मग सर म्हणाले, तुमच्या धनज गावच्या पाण्यात करून दाखवा. घरच्या बोअरचं नेलं. तीच पिसं, तोच रंग, हायड्रोक्लोरिक आम्लाचे तेच चार थेंब. तासभर हलवलं, रंग तसूभर हलला नाही. सरांनी माझं ऐकूनही न घेता वहीवर लाल रेघ ओढली.

कॉलेजच्या आणि बोअरच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या घेऊन घरी आलो. आईनं त्या खिडकीत धरल्या. "हे तं पिवळं हाये. तू तं लाल म्हणत होता ना?"

मी जागीच बसलो. मिथिल ऑरेंज स्वतःच दर्शक आहे: सामू 3.1 च्या खाली लाल, 4.4 च्या वर पिवळा. पिवळा रंग मला आणि सरांनाही सांगत होता, की पाणी आम्लधर्मी झालेलंच नाही. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटनं चारही थेंब गिळले होते. थेंब पडताना बारीक बुडबुडे आले होते, ते मी ढवळण्याचे समजलो. दोघांनाही दिसत होतं, पण खोटा ठरलो मी एकटा.

पिसांत नव्वद टक्क्यांच्या आसपास केराटिन, म्हणजे प्रथिन. आम्लात त्याच्या अमिनो गटांवर धनभार येतो आणि ऋणभारित रंग त्याला चिकटतो. लोकर रंगवताना आम्ल घालतात ते यासाठीच. सामू वाढला की प्रथिनावर ऋणभार चढतो, रंग दूर सरतो. मेथिलीन ब्लूचं नेमकं उलट, तो धनभारित. त्याला आम्ल नको.

म्हणून सांगतो, थेंब मोजू नका, सामू मोजा. सुरुवातीला मोजा आणि शेवटीही, कारण पिसंही आम्ल ओढून घेतात. मिथिल ऑरेंज असेल तर कलरीमीटरमध्ये घालण्यापूर्वी सगळे नमुने एकाच सामूवर आणा. नाहीतर रंग कमी झाला की नुसता पालटला, ते कळणार नाही. रंग न घालता नुसती पिसं भिजवलेलं पाणीही मोजा. पिसं साबणानं धुऊन, वाळवून घ्या. उरलेलं आम्लाचं पाणी सोडा टाकून शांत केल्याशिवाय नालीत ओतू नका. बाकी हातमोजे, नोंदी वगैरे आलंच.

पुढच्या आठवड्यात तेच बोअरचं पाणी लाल होईपर्यंत आम्ल घातलं. पिसं नारिंगी झाली, पाणी निवळलं. बाटली सरांच्या टेबलावर ठेवली. "ठीक आहे," म्हणाले आणि दुसऱ्याची वही ओढली. माझ्या वहीवरची लाल रेघ अजून तशीच आहे.