नव्या वैमानिकाची शिदोरी
व्यावसायिक परवाना मिळविलेले अनेक नवे वैमानिक पहिल्या नोकरीच्या शोधात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील विरळ वस्तीच्या प्रदेशात जातात. मे ते ऑक्टोबर हा तेथील कोरडा हंगाम असून त्या काळात पर्यटकांसाठीची उड्डाणे वाढतात. म्हणून पावसाळा सरत असतानाच डार्विन, कुनुनुरा किंवा ब्रूम येथे पोहोचणे इष्ट ठरते. उड्डाण-नोंदवही, परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र व विमानतळ सुरक्षा ओळखपत्र जवळ असावे. मात्र तेवढ्याने भागत नाही. डार्विन ते कुनुनुरा हे अंतर रस्त्याने सुमारे ८३० किलोमीटर आहे. वाटेत मोटार बंद पडल्यास मदत लवकर मिळेलच असे नाही. यास्तव पिण्याच्या पाण्याचा भरपूर साठा व जादा चाक बरोबर घ्यावे आणि मोटार सोडून पायी निघू नये. नोकरी लागेपर्यंत पुरेल एवढी रक्कमही गाठीशी असावी.