भूगोलाचा पाठ : कर्नल लॅम्बटन आणि अरण्यातील त्रिकोण

वर्गातील नकाशा कसा तयार झाला, हे समजाविताना शिक्षकांनी कर्नल विल्यम लॅम्बटन यांचे चरित्र सांगावे. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लढाईत असलेल्या या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ च्या एप्रिलात मद्रासनजीक सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. या तत्त्वावर त्रिकोणास त्रिकोण जोडीत ते उत्तरेकडे सरकले. कोन मोजण्याचे अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरांवर व देवळांच्या शिखरांवर चढवावे लागे. कृष्णा-गोदावरीमधील अरण्यात त्यांचे सहायक एव्हरेस्ट पथकासह तापाने अंथरुणास खिळले. नागपूरच्या वाटेवर, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे लॅम्बटन निवर्तले. पुढे एव्हरेस्टचे नाव शिखरास मिळाले. यंत्र वाहणाऱ्या व रान तोडून वाट काढणाऱ्या मजुरांची नावे मात्र नकाशावर नाहीत. अरण्यालगत वाढणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील मुलांस हे अवश्य सांगावे.

कृती : पटांगणात दहा मीटरची रेषा आखावी. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या झाडाचे कोन मोजवून, प्रमाणबद्ध आकृतीवरून झाडाचे अंतर मुलांकडून काढवून घ्यावे.