बांधाबाहेर काय जातें?
एका द्राक्षमळ्यापासून घ्यावयाचा धडा

पिकाचा जमाखर्च रुपयांत मांडण्याची संवय आमच्या पुष्कळ बागाइतदारांस आतां लागली आहे, व ती स्तुत्यच आहे. परंतु दुसरा एक जमाखर्च असा आहे कीं, तो फारच थोड्यांच्या वहींत आढळतो. तो म्हणजे जमिनीचा. एका सालांत बांधाबाहेर काय गेलें आणि बांधाच्या आंत काय परत आलें, हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्याची वही कितीहि नीटनेटकी असली तरी ती अर्धीच म्हणावी लागेल. ह्या हिशेबाचा एक चांगला धडा फ्रान्स देशांतील एका घरगुती द्राक्षमळ्यापासून घेतां येण्यासारखा आहे. तो मळा मद्याचा आहे. पण मद्यपानाची शिफारस करण्याचा आमचा हेतु नाहीं. वेल, जनावर आणि खताचा ढीग यांचा मेळ कसा घालावा, एवढाच प्रस्तुत विषय आहे.

मळ्याची हकीकत

फ्रान्सच्या पश्चिम भागांत ल्वार नांवाची मोठी नदी आहे. तिच्या कांठीं, आंजे शहराजवळ, साव्हेनिएर गांवाच्या हद्दींत ‘कुले द सेराँ’ नांवाचा सुमारें ७ हेक्टरांचा, म्हणजे साधारण १७ एकरांचा मळा आहे. सन ११३० मध्यें सिस्टरसियन पंथाच्या साधूंनीं येथें प्रथम वेली लावल्या असें सांगतात. सन १९६२ मध्यें हा मळा जोली कुटुंबाकडे आला. येथें शेनिन ब्लाँ ही एकच जात आहे. हीच जात आज नाशिककडील मद्याच्या द्राक्षबागांतहि लावली जाते; तेव्हां आमच्या वाचकांस ती अगदींच परकी नाहीं.

ह्या घराण्यांतील निकोला जोली हे पेढीवरील नोकरी सोडून १९७० नंतरच्या दशकांत मळ्यावर परत आले. त्या वेळच्या जाणत्या सल्ल्याप्रमाणें त्यांनीं तणनाशकें व रासायनिक औषधें वापरण्यास सुरुवात केली. तण नाहींसें झालें व मजुरीहि वांचली. परंतु थोड्याच वर्षांत जमिनीचा रंग पालटला आणि मळ्यांतील किडे व पांखरें दिसेनाशीं झालीं, असें त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे. ज्या उतारावर साडेआठशें वर्षे वेली टिकल्या, ती जमीन आपल्याच हातून बिघडते आहे, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली. सन १९८० मध्यें मळ्याच्या एका भागावर त्यांनीं दुसऱ्या रीतीचा प्रयोग आरंभिला, आणि १९८४ पर्यंत सर्व मळा त्या रीतीखालीं आणला. पुढें त्यांच्या कन्येनें हें काम हातीं घेतलें.

आज त्या मळ्यांत गाई आहेत, मेंढ्या आहेत, आणि जेथें उतार फार तेथें घोड्यानें औत चालतें. ओळींच्या मधील जागेंत गवत व रानटी झाडोरा राखतात. द्राक्षें हातानें, जशीं पिकतील तशीं चार-पांच फेऱ्यांत तोडतात. रस आंबविण्यास बाहेरचें विरजण घालीत नाहींत. फळाच्या सालीवर व घरांत जें किण्व निसर्गतः असतें, त्याच्यावरच काम सोंपवितात. अशा रीतीच्या मद्यास तिकडे ‘नैसर्गिक मद्य’ म्हणतात.

जमिनीचा जमाखर्च

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एक हजार किलो द्राक्षांबरोबर साधारणपणें दीड किलो नत्र, पाव किलोहून थोडें अधिक स्फुरद आणि अडीच किलो पालाश शेतांतून निघून जातें. एकरीं १० टन माल निघून तो बाजारांत गेला असें धरल्यास, १५ किलो नत्र व २५ किलो पालाश बांधाबाहेर गेलें, असा हिशेब होतो. खाण्याचीं द्राक्षें विकणारास ह्यांतून सुटका नाहीं. जें गेलें तें कोठून तरी भरून काढलेंच पाहिजे.

मद्य करणाराची गोष्ट निराळी आहे. द्राक्षांतील साखर ही जमिनीची पुंजी नव्हे. ती पानानें हवा व पाणी यांपासून ऊन्हाच्या बळावर तयार केलेली असते. रस आंबतो तेव्हां त्या साखरेचा जवळजवळ निम्मा भाग कर्बवायूच्या रूपानें हवेंत परत जातो व बाकीचा मद्यार्क होतो. जमिनीपासून घेतलेलीं द्रव्यें मात्र बव्हंशीं सालींत, बियांत आणि पिंपाच्या तळीं बसणाऱ्या गाळांत राहतात. पिंपाच्या आंतल्या बाजूस जी स्फटिकांसारखी खडी धरते, तींतहि पालाशच असतें. एक लिटर मद्यांत पालाश सुमारें १ ग्रॅम सांपडतें. हजार किलो द्राक्षांचें ७०० लिटर मद्य झालें, तर त्याबरोबर ७०० ग्रॅम पालाश बाहेर जाईल. म्हणजे अडीच किलोपैकीं जवळजवळ तीन चतुर्थांश घरांतच राहिलें. तें उकिरड्यावर टाकावें कीं वेलीच्या मुळाशीं न्यावें, हें सर्वस्वी मालकाच्या हातीं आहे. चक्राकार शेतीचें सारें मर्म एवढेंच आहे.

परत देण्याची रीत

द्राक्षांच्या वजनाचा साधारण पांचवा ते चौथा हिस्सा चोथा निघतो. तो ताजा असतां फार आंबट असतो, म्हणून तसाच वेलीच्या बुडाशीं पसरूं नये. चोथा, शेण आणि पेंढा यांचे थर देऊन ढीग रचावा, ओलावा राखावा, आणि ढीग तापून निवूं लागला कीं तो उलथावा. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ मुरल्यावर, आंबट वास जाऊन मातीचा वास येऊं लागला, म्हणजे खत तयार झालें असें समजावें. चोथ्याच्या खतांत पालाश पुष्कळ असल्यामुळें तें बेताबेतानेंच घालावें. पालाश अति झाल्यास वेलीस मॅग्नेशियम कमी मिळतें व रसाचा आंबटपणाहि उतरतो.

छाटणीच्या काड्या बारीक तोडून ओळींत आच्छादन म्हणून पसराव्या, किंवा ढिगांत घालाव्या. ज्या वेलीच्या खोडास रोग जडला असेल तिचें लांकूड मात्र कच्चें परत घालूं नये; तें जाळावें.

जनावरांविषयीं एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. द्राक्षांवर मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण फवारतात, आणि मेंढीस तांबें सोसत नाहीं. गाईस जेवढें पचतें तेवढ्यानें मेंढी दगावते. म्हणून फवारा बसलेलें गवत मेंढ्यांस चारूं नये, आणि कळ्या फुटण्यापूर्वीं त्या मळ्याबाहेर काढाव्या.

गैरसमज

‘नैसर्गिक’ ह्या शब्दावरून, कांहीं न करतां पीक येतें, असें कोणीं समजूं नये. तिकडेहि भुरी व केवडा येतोच, आणि गंधक व तांबें वापरावें लागतें. तांबें जमिनींत सांचत जातें, म्हणून युरोपीय संघानें ७ वर्षांत मिळून हेक्टरीं २८ किलोंची मर्यादा घातली आहे. नैसर्गिक मद्याचेंहि तसेंच. सन २०२० पासून फ्रान्समध्यें त्याचे जे नियम चालू आहेत, त्यांत सेंद्रिय शेतींतील द्राक्षें, हाताची तोडणी आणि घरचें किण्व हीं आवश्यक असून सल्फाइट लिटरीं ३० मिलिग्रॅमच्या आंत असावें लागतें. एवढ्या थोडक्या आधारावर रस नासूं न देणें म्हणजे भांड्यांची स्वच्छता डोळ्यांत तेल घालून राखणें होय. शिवाय उत्पन्न कमी येतें आणि मजुरी अधिक लागते, हेंहि लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

जोली यांच्या रीतींत गाईच्या शिंगांत शेण भरून तें हिंवाळाभर पुरणें वगैरे विधि आहेत. कॅलिफोर्नियांतील एका द्राक्षमळ्यावर झालेल्या व सन २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सेंद्रिय खत दोहोंकडे सारखेंच असतां, ह्या विधींमुळें पहिल्या सहा वर्षांत जमिनीच्या गुणांत फरक आढळला नाहीं. तेव्हां शिंगाविषयीं ज्याचें त्यानें ठरवावें. शेणाविषयीं मात्र दुमत नसावें.

आपणांस घेण्यासारखें काय?

त्यांची नक्कल आपणांस करतां येणार नाहीं. तिकडे वेल हिंवाळ्यांत झोपते. आपल्याकडे ती एप्रिलांत व ऑक्टोबरांत अशी दोनदां छाटावी लागते, आणि मधले चार महिने पावसाचे. पण ह्यांतच एक सोय आहे. दोन छाटण्या म्हणजे काड्याहि दोनदां. त्या बांधावर जाळून टाकणें म्हणजे वर्षांतून दोनदां खताचें पोतें पेटविण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट. जे बागाइतदार मद्याच्या कारखान्यास द्राक्षें देतात, त्यांनीं करार करतांना भावाबरोबर चोथ्याचीहि गोष्ट काढावी. आपल्या मालाच्या वजनाच्या प्रमाणांत चोथा परत मिळावा, असें एक कलम घालून घेतल्यास गेलेल्या पालाशाचा मोठा भाग परत येईल.

तिसरी गोष्ट जुनीच आहे. शेतांत धनगरांच्या मेंढ्या बसविण्याची चाल आपल्या वाडवडिलांनीं घालून दिलेली आहे. बागेच्या आंत तांब्याचें भय असल्यास बागेलगतच्या जिराईत शेतांत त्या बसवाव्या, आणि तेथील पेंढा व वैरण बागेच्या खतांत आणावी.

येत्या छाटणीपासून वाचकांनीं आपल्या वहींत दोन रकाने अधिक आंखावे: एक बांधाबाहेर गेल्याचा, दुसरा परत आल्याचा. पहिलें साल आंकडे अदमासाचे असले तरी चालतील. दोन-तीन सालांनीं तेच आंकडे कोणत्या खताचें पोतें विकत आणावें आणि कोणतें न आणावें, हें सांगूं लागतील. ज्यांनीं चोथ्याचें किंवा काड्यांचें खत करून पाहिलें असेल, त्यांनीं आपला अनुभव, फसला असला तरीहि, आम्हांस अवश्य लिहून कळवावा.