सोलरची बॅटरी भरत नाही? नवी घेण्याआधी अँपिअर मोजा

पेणजवळच्या हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत जून-जुलै म्हणजे घाईचे दिवस, आणि वीज जाते तीही नेमकी याच दिवसांत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी पत्र्यावरचं एक पॅनेल आणि 150 एएचची बॅटरी दिवे-पंखे चालवून मोठा आधार देते. म्हणून ‘पॅनेल 335 वॅटचं आहे, पण चार्जिंग 8-9 अँपिअरच्या वर जातच नाही’ ही तक्रार आली की ती नीट तपासायला हवी. दुकानात नवी बॅटरीच सुचवली जाते आणि 13 ते 18 हजार रुपये जातात. (इथले सगळे भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक थोडे वर-खाली होतील.)

पहिली तपासणी फुकटची. बॅटरी 14.4 व्होल्टच्या आसपास पोहोचली की पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर स्वतःच करंट कमी करत जातो. दुपारी दोनला 4 अँपिअर दिसले तर तो बिघाड नसून बॅटरी भरत आल्याची खूण असू शकते. म्हणून रात्रभर वापरलेल्या बॅटरीवर, स्वच्छ उन्हात, सकाळी अकराच्या सुमारास आकडा पाहा. दाट ढगांत पॅनेल क्षमतेच्या पाव भागही देत नाही.

मग कंट्रोलरचं सेटिंग. बॅटरीचा प्रकार आणि चार्जिंगची कमाल मर्यादा मॅन्युअलशी ताडून घ्या. 150 एएचच्या ट्युब्युलर बॅटरीला साधारण 15 ते 20 अँपिअर योग्य. उगाच 30 वर नेलीत तर बॅटरी तापते, पाणी उडतं, आयुष्य घटतं.

खरा चोर बहुतेक वेळा वायर असते. कंट्रोलरपासून बॅटरी 2 मीटरवर आणि वायर 2.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर 20 अँपिअरला जवळजवळ 0.6 व्होल्ट वाटेतच पडतात. बॅटरी 13.8 वर असते, कंट्रोलरला मात्र 14.4 दिसतात. बॅटरी भरली असं समजून तो हात आखडतो. कंट्रोलर आणि बॅटरी दोन्हींच्या टर्मिनलवर चार्जिंग चालू असताना व्होल्टेज मोजा, फरक 0.2 च्या वर असेल तर वायर बदला. 10 चौरस मिलिमीटरची छोटी जोडणी, लग आणि फ्यूज मिळून 600-1,000 रुपयांत होते. खाडीच्या दमट, खारट हवेत टर्मिनलवर हिरवट थर चढतो. तो घासून व्हॅसलीन लावायला पन्नास रुपयेही लागत नाहीत. काम करताना आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी.

मल्टिमीटर 300-800 रुपयांना मिळतो. अँपिअर मोजायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो. बऱ्याच वायरमनकडचा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तेव्हा बोलावण्याआधी विचारून घ्या. भेटीचे 300-500 रुपये धरा.

वायर ठीक, सेटिंग ठीक, तरी 9 वरच अडलं? मग कंट्रोलर पीडब्ल्यूएम आहे का ते पाहा. 335 वॅटचं मोठं पॅनेल मुळात 9 अँपिअरच देतं, फक्त 37 व्होल्टला. पीडब्ल्यूएम जास्तीचे व्होल्ट वाया घालवतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम 120 वॅट पोहोचतात. इथे जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलणाऱ्या एमपीपीटी कंट्रोलरवर 4 ते 8 हजार खर्चणं योग्यच आहे. 20 अँपिअरचा पुरतो: प्रत्यक्ष उन्हात पॅनेल 260 वॅटच्या आसपास देतं, म्हणजे 20 अँपिअरच. 30 चा महागडा घेऊन क्वचितच काही जास्त मिळेल. मात्र कंट्रोलर तापलेल्या पत्र्याखाली लावू नका. गरम झाला की तो स्वतःच करंट उतरवतो. त्याला सावलीतल्या भिंतीवर जागा द्या.

एवढं करूनही भागलं नाही, तर हायड्रोमीटर घ्या, 100-200 रुपयांचा. पूर्ण चार्जनंतर सहाही सेल तपासा. एखाद्याचं विशिष्ट गुरुत्व बाकीच्यांपेक्षा 0.030 ने खाली असेल, आणि पुन्हा पूर्ण चार्ज करूनही वर येत नसेल, तर तो सेल गेला. आता बॅटरी बदला. जुनी भंगारात न देता दुकानातच बदलीत द्या आणि तिची वजावट पावतीवर लिहून घ्या.