जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : खर्च आणि काळ

'जीर्णोद्धार' हा शब्द आपणांस देवळांच्या संबंधाने परिचित आहे. पडलेली भिंत नव्याने बांधावयाची, परंतु देवालयाचे मूळ रूप बदलावयाचे नाही, असा त्याचा अर्थ. अलीकडे हाच शब्द मोटारगाड्यांनाही लावावा लागतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कितीतरी घरांच्या पडवीत किंवा गोठ्यालगतच्या पत्र्याच्या छपराखाली आजोबांची फियाट वा अँबॅसडर धूळ खात उभी आहे. मुलांस ती चालू व्हावीशी वाटते. वडील मंडळींस खर्चाची धास्ती वाटते. दोघांच्याही उपयोगी पडावा म्हणून हा हिशेब येथे मांडीत आहोत.

प्रथम आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. देवराष्ट्रे हे कै. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सामान व दुचाकीचे भाग जुळवून किकने चालू होणारी एक चारचाकी गाडी बनविली. तीस सुमारे ६०,००० रुपये खर्च आला, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२१ मध्ये श्री. आनंद महिंद्र यांनी तिच्याबद्दल कौतुक प्रकट केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबास नवी बोलेरो मिळाली. आता एखादा वाचक साहजिकच विचारील, की साठ हजारांत अख्खी गाडी उभी राहते, तर घरात असलेली जुनी मोटार नीट करावयास त्याच्या कितीतरी पट पैसा का लागावा?

या प्रश्नाच्या उत्तरातच सारा विषय आला. लोहारांना पूर्ण मोकळीक होती. जो भाग हाती येईल तो बसवावा. न बसल्यास कापून, जोडून बसता करावा. जीर्णोद्धार करणाराला ही मोकळीक नसते. त्याला तेच दार, तीच काच, तोच दिवा पाहिजे. मोकळीक स्वस्त असते आणि मूळ रूपाशी इमान महाग पडते. जितके इमान अधिक, तितका खर्च व काळ अधिक. पुढील सर्व आकडे याच एका कारणाने फुगत जातात.

उदाहरणादाखल फियाट ११०० व तिचीच पुढची पिढी प्रीमियर पद्मिनी या गाड्या घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात त्या तयार होत. (सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.) १९७४ पासून ही मोटार 'पद्मिनी' या नावाने विकली गेली व शतक बदलण्याच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज तिचा भाग नवा मिळावयाचा तर तो कोणाच्या तरी फळीवर पडून राहिलेला, नाही तर दुसऱ्या गाडीचा काढलेला.

पुष्कळांची समजूत अशी, की इंजिन हेच सर्वांत खर्चाचे काम. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. इंजिनाचे काम मापाचे आहे. फियाट ११०० च्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर व सिलिंडर चार. विद्यार्थ्यांनी वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहावे. १०८९ घन सेंटिमीटर हा प्रसिद्ध आकडा आपोआप हाती येईल. सिलिंडर झिजला असल्यास बोअरिंग करून किंचित मोठा पिस्टन बसवितात, अगर लाईनर घालतात. हे काम जाणणारे लेथवाले आपल्याकडे आहेत आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर व इंजिने होऊ लागली. या भागात ओतकाम व कातकाम यांची परंपरा अशी जुनी असल्यामुळे इंजिनासाठी फार हिंडावे लागत नाही.

खरा खर्च पत्र्यात आहे. फियाट किंवा अँबॅसडर यांना जीपसारखी निराळी चासी नसते. तळ, उंबरे, खांब व छत हा सर्व पत्र्याचा सांगाडाच गाडीचा भार वाहतो. त्यामुळे तळाला गंज लागणे म्हणजे घराच्या पायाला वाळवी लागण्यासारखे आहे. वरून रंग झकास दिसेल, पण आत हाडच नसेल. गाडी कोठे राहिली होती यावरही पुष्कळ अवलंबून असते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील गाडीचा पत्रा पाहून घाबरावे. माण किंवा जत तालुक्यातील कोरड्या हवेत पत्रा टिकतो, मात्र उन्हाने रबर तडकते व गाद्या फाटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या पोकळ उंबऱ्यांत गाळ जाऊन बसतो आणि तो वर्षानुवर्षे आतून पत्रा खात राहतो.

विकत घेणाराने खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवावे. ते जेथे चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबीचा जाड थर आहे असे समजावे.

कुजलेला पत्रा कापून, नवा तुकडा हातोडीने व ठोकळ्यावर वळवून, मूळच्या गोलाईस मिळवून जोडणे हे हाताचे काम आहे. ते यंत्रावर होत नाही आणि घाईने तर मुळीच होत नाही. असे कारागीर आता थोडे उरले आहेत, कारण आजच्या गॅरेजांत चेपलेला भाग ठोकण्यापेक्षा अख्खा बदलतात. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलाने हे काम मन लावून शिकले तर त्याला गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही, असे आम्हांस वाटते. शिकविणारे हात अद्याप आहेत तोवर मात्र त्याने जावयास हवे.

आता किरकोळ वस्तूंचा त्रास पाहा. दाराची मूठ, काचेभोवतीचे रबर, घड्याळांची पाटी, बंपराचे क्रोम. यांपैकी एखादी वस्तू हरवली तर तिच्यासाठी कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारापर्यंत हेलपाटे घालावे लागतात. नच मिळाल्यास साचा करून ओतून घेता येते. पण साच्याची मजुरी एका नगासाठीही तितकीच आणि शंभर नगांसाठीही तितकीच. कारखान्यात ती शंभरांवर वाटली जाते. येथे ती सगळी एकट्या मुठीच्या डोक्यावर बसते.

आता एक हिशेब करू. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत; ज्याने त्याने आपल्या गावचे दर घालावे. समजा, पत्र्याला ४०० तास, रंगाला १५०, इंजिन, गिअर व ब्रेक यांना २००, वायरिंग व गाद्यांना १०० आणि पुन्हा जुळणीला १५०, असे एकूण १००० तास लागले. ताशी १५० रुपयांप्रमाणे मजुरी १,५०,००० रुपये. सामान, रंग व क्रोमचे पाणी यांचे २,००,००० धरू. बेरीज ३,५०,००० झाली. परंतु गाडी उकलल्यावाचून आतील गंज दिसत नाही, म्हणून एक तृतीयांश रक्कम निराळी राखून ठेवावी. अशा रीतीने आकडा ४,६६,००० च्या पुढे जातो.

काळाचा हिशेब याहून बोधप्रद आहे. रोज आठ तास धरल्यास १००० तास म्हणजे १२५ दिवस. 'चार महिन्यांत गाडी देतो,' असे सांगणारा गॅरेजवाला खोटे बोलत नसतो. तो एवढाच भागाकार करीत असतो. पण त्याचे पोट रोजच्या दुरुस्तीवर चालते. तुमच्या गाडीला आठवड्यातून दीडच दिवस मिळाला, तर त्याच १२५ दिवसांना ८३ आठवडे, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ लागतो. शिवाय पत्र्यावाचून रंग नाही आणि रंगावाचून काच नाही. एक काम अडले की मागची सर्व अडतात. पावसाळ्यात रंगही उरकून घेता येत नाही, कारण ओलसर हवेत जुन्या पद्धतीच्या रंगावर पांढुरकी झाक येते.

एवढ्या अवधीत घरची परिस्थिती बदलते. कोणाचे लग्न निघते, कोणी आजारी पडते, पैसा थांबतो. आणि उकललेली गाडी पोत्यांत व डब्यांत राहते. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला हे सांगणारा कोणी उरत नाही. अशी अर्धवट गाडी शेवटी भंगाराच्या भावाने जाते. म्हणून सर्व गाडी एकदम उकलू नये. आधी ब्रेक, मग तळाचा पत्रा, मग इंजिन, असे एकेक अंग पुरे करावे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व त्यास चिठ्ठी बांधावी. हे काम मुलांकडे सोपवावे. ती ते आनंदाने करतात. मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेल्या पैशाला किंवा कर्जाला मात्र यासाठी हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोटार आणखी पाच वर्षे थांबू शकते. कोरड्या जागी, ठोकळ्यांवर उचलून ठेवली तर तिचे फारसे बिघडत नाही.

शिवाय सर्वच गाड्यांना नवेपणा आणावा असेही नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांपुढे येते, ती वर्षानुवर्षांच्या जपणुकीमुळे. मूळचा रंग थोडा विटका असला तरी तो एकदाच मिळतो. खरवडल्यावर परत येत नाही.

सरकारी नियमही मूळ रूपाच्याच बाजूचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची व सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते. पुढील नोंदणीस ५,००० रुपये पडतात. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती वा पेट्रोल भरणे यांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या ये-जा करण्यास नव्हे. रोज वापरावयाची असेल तर पंधरा वर्षांनंतरची साधी नोंदणी तपासणी करवून दर पाच वर्षांनी वाढवीत राहावे.

पेट्रोलविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. २०२५ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र झाले आहे. त्यातील काही भाग आपल्याच जिल्ह्यांतील साखर कारखान्यांतून येतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व बुचाचे पॅकिंग यांना इथेनॉल मानवत नाही. ती मऊ पडून गळू लागतात आणि गळलेले पेट्रोल तापल्या इंजिनावर पडल्यास आग लागते. तेव्हा नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घालाव्यात. येथे मूळपणाचा हट्ट धरू नये. बाहेरून त्या कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत.