डोक्यातील उवा व झाडपाल्याची औषधे

निर्गमाच्या आठव्या अध्यायात मिसर देशावरील तिसऱ्या पीडेची हकीकत आहे. ती माणसांवर व पशूंवर सारखीच आली, राजवाडा व झोपडी असा भेद तिने केला नाही. उवांचेही तसेच आहे. ऊ रक्तावर जगते. केस धुतलेले आहेत की मळलेले, हे ती पाहत नाही. ह्यास्तव एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या म्हणून तिला रविवारच्या शाळेत वेगळे बसविणे हा अन्याय होय.

ऊ उडत नाही व उडीही मारीत नाही. डोक्यास डोके लागले म्हणजे ती चालत जाते. मादी केसाच्या मुळाजवळ लिखा चिकटविते. त्या सुमारे ७ ते १० दिवसांत फुटतात, व पिल्लू आणखी सुमारे १० दिवसांत अंडी घालू लागते. डोक्यावरून पडलेली ऊ एकदोन दिवसांतच मरते.

आता औषधांविषयी. आमच्या खेड्यांत सीताफळाच्या बिया वाटून केसांना लावितात. त्यांत अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात, व त्यांनी ऊ मरते हे खरे. परंतु तीच पूड किंवा तिचे पाणी डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पडदा सोलून निघतो, असह्य वेदना होतात व दृष्टीस धोका पोहोचतो. उवांसाठी मुलाचे डोळे गमावणे हा कसला सौदा? म्हणून हे औषध घरात वापरूच नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. चुकून डोळ्यांत गेलेच, तर न चोळता स्वच्छ पाण्याने पाव तास धुवावे व ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. रॉकेलही लावू नये. त्याने कातडी पोळते व दिव्याजवळ केस पेट घेतात.

निंबोळीच्या गरात अझाडिराक्टिन हे कीटकनाशक द्रव्य आहे. निंबोळीचे तेल केसांस लावणे त्या मानाने बरे. पण तेही डोळ्यांपासून दूर ठेवावे, तान्ह्या मुलांस लावू नये व कोणासही पाजू नये. लहान मुलांस ते पोटात गेल्यास मेंदूस इजा झाल्याची उदाहरणे आहेत. दुकानात मिळणारे पर्मेथ्रिनदेखील मुळात शेवंतीच्या कुळातील एका फुलाच्या द्रव्याचा नमुना घेऊन कारखान्यात बनविलेले आहे. ते पुडक्यावरील सूचनेप्रमाणेच वापरावे.

कोणतेही औषध घेतले तरी फणी सोडू नये, कारण लिखा बहुधा औषधातून वाचतात. ओल्या किंवा तेल लावलेल्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी. दर तीनचार दिवसांनी, निदान दोन आठवडे, एकही ऊ सापडेनाशी होईपर्यंत हे करावे. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावी.

उपदेशकांनी हा पाठ मंडळीतील मातांस वाचून दाखवावा व पुढील प्रश्न विचारावे :

१. सीताफळाच्या बियांपासून कोणता अपाय होतो?
२. एकदाच विंचरून का भागत नाही?
३. उवा झालेल्या मुलाशी आपण कसे वागावे? मत्तय ७:१२ पाहा.